ब्लँकेट चालेल, वकील नको!

निर्वासितांचा विषय निघाला की सुशिक्षित मराठी माणूस हल्ली एक ठरलेलं वाक्य टाकतो. "मदत करायला कुणाची ना आहे? जरूर करा. पण ते कोर्टकचेऱ्या, निवेदनं, मानवी हक्क वगैरे नको." हे बोलणारा माणूस वाईट नसतो. सांगली-कोल्हापुरात महापूर आला तेव्हा त्याने तांदळाची पोती पाठवलेली असतात. डिसेंबरात स्टेशनबाहेर ब्लँकेटं वाटणाऱ्या मंडळाला तो दरवर्षी न चुकता वर्गणी देतो. त्याचं म्हणणं एवढंच, की माणुसकी वेगळी आणि कायदा वेगळा. उपाशी माणसाला खाऊ घालावं, आजाऱ्याला औषध द्यावं. पण तो माणूस इथे राहणार की नाही, काम करणार की नाही, त्याची पोरं शाळेत बसणार की नाही, हे सरकार बघेल. त्यात आपण तोंड घालू नये. जे घालतात ते एक तर भोळे, नाहीतर परदेशी पैशांवर पोसलेले.

या सभ्य मताच्या मागे काही कमी सभ्य मतंही रांग लावून उभी असतात. आधी घरच्यांचं बघा. ते निर्वासित नाहीत, घुसखोर आहेत. फुकट खातात. आपल्या पोरांची कामं पळवतात. एकाला घेतलं की मागून शंभर येतात. पहिलं मत अडचणीत आलं की रांगेतलं दुसरं पुढे सरकतं. त्या सगळ्यांचा समाचार घ्यायचाच आहे, पण सुरुवात सभ्य मतापासून. उघड द्वेषाला निदान द्वेष म्हणता येतं. हे मत दयाळूपणाचा सदरा घालून येतं, म्हणून त्याचा राग जास्त येतो.

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. निदर्शकांवर गोळ्या चालू लागल्या आणि माणसं सीमा ओलांडून मणिपूर-मिझोरममध्ये येऊ लागली. २६ मार्चला मणिपूरच्या गृहखात्याने सीमेवरच्या जिल्ह्यांना एक पत्र धाडलं. निर्वासितांना अन्न-निवारा देण्यासाठी छावण्या उघडू नका. सामाजिक संस्थांनाही उघडू देऊ नका. आश्रय मागायला येणाऱ्यांना 'नम्रपणे' परत पाठवा. कुणी गंभीर जखमी असेल तर माणुसकी म्हणून उपचार करा. आणि हो, आधार नोंदणी ताबडतोब थांबवून नोंदणीची यंत्रं ताब्यात घ्या. गोळीबारातून पळून आलेल्या माणसाला नम्रपणे परत कसं पाठवतात, हे मात्र त्या पत्रात समजावून सांगितलेलं नव्हतं.

आता आमच्या सज्जनांनी सांगावं, त्या दिवसांत मणिपूरच्या सीमेवरच्या मोरे गावात खिचडीचं पातेलं घेऊन उभं राहणं ही माणुसकी होती की सरकारी हुकमाची पायमल्ली? सरकारने खिचडीवरच बोट ठेवलं होतं. पातेलं चुलीवर चढवण्याआधी ते पत्र मागे घ्यायला लावणं भाग होतं. पत्र वर्तमानपत्रांत छापून आलं, लोक खवळले, चहूकडून बोंब झाली, आणि २९ मार्चला ते मागे घेतलं गेलं. आमच्या म्हणण्याचा विपर्यास झाला, असा खुलासाही आला. खिचडीला वाट मोकळी झाली ती त्या बोंबेमुळे. ती मारणाऱ्यांना आपले सज्जन 'नसती उठाठेव करणारे' म्हणतात.

गोष्ट तिथेच संपली नाही. मोरेमध्ये अडकलेल्या सात म्यानमारी नागरिकांसाठी, ज्यांत तीन पत्रकार होते, नंदिता हक्सर या वकील बाईंनी मणिपूर उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांची मागणी साधी होती: या सात जणांना दिल्लीपर्यंत जाऊ द्या, म्हणजे त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयात अर्ज करता येईल. ३ मे २०२१ ला न्यायालयाने ती मान्य केली. जिवाला धोका असलेल्या माणसाला त्याच धोक्यात परत ढकलू नये, हे तत्त्व घटनेच्या २१व्या कलमात येतं, असंही न्यायालयाने म्हटलं. त्या सात जणांना कुणी सात हजार ब्लँकेटं दिली असती तरी ते मोरेतच ऊब घेत बसले असते, अटकेची वाट पाहत.

निर्वासिताला पहिली गरज कागदाची असते, हे शंभर वर्षांपूर्वी ज्याला कळलं तो काही चळवळ्या वकील नव्हता. तो ध्रुवप्रदेशात बर्फ तुडवणारा नॉर्वेजियन संशोधक होता. फ्रित्यॉफ नान्सेन १९२१ मध्ये राष्ट्रसंघाचे निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त झाले, तेव्हा रशियातून परागंदा झालेली लाखो माणसं युरोपभर भटकत होती. सोव्हिएत सरकारने त्यांचं नागरिकत्व काढून घेतलेलं होतं. नान्सेन यांनी दुष्काळात धान्यही पोचवलं, पण १९२२ मध्ये त्यांनी सुरू केलेलं ओळखपत्र, 'नान्सेन पासपोर्ट', हे त्यांचं सर्वांत टिकाऊ काम ठरलं. तो हातात असला की माणूस सीमा ओलांडू शके, काम शोधू शके, 'मी अमुक' असं सांगू शके. स्ट्राविन्स्की आणि नाबोकोव्ह यांच्याकडे तोच होता. त्याच वर्षी नान्सेन यांना शांततेचं नोबेल मिळालं. नुसती लोकर वाटत बसले असते तर थंडी तेवढी गेली असती.

म्यानमारमधल्या रोहिंग्यांचंही तेच. २०१७ मध्ये त्यांची गावं जळाली आणि सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात पळाली, ती दृश्यं आपण टीव्हीवर पाहिली. पण त्यांना त्यांच्याच देशात परकं करणारा नागरिकत्वाचा कायदा १९८२ चा होता. काडी लागायच्या पस्तीस वर्षं आधी कागद हिसकावला गेला होता. कायद्याने उभं केलेलं संकट खिचडीने मिटेल, असं मानणाऱ्याला काय म्हणावं?

दिल्लीत कालिंदी कुंजजवळच्या रोहिंग्या वस्तीला २०१८ च्या एप्रिलात आग लागली, २०२१ च्या जूनमध्ये मदनपूर खादरची वस्ती मध्यरात्री पुन्हा जळाली. बांबू, ताडपत्री, प्लास्टिक; अशा झोपड्या पेटायला कितीसा वेळ लागतो! भांडीकुंडी गेली, कपडे गेले, आणि संयुक्त राष्ट्रांची ओळखपत्रंही गेली. भांडी, कपडे आणि ताडपत्री द्यायला देणगीदार पुढे येतात, चांगलंच आहे. पण ते कार्ड कुठला देणगीदार देणार? ते नसलेला माणूस रस्त्यावर पोलिसाने हटकला तर काय दाखवेल, नवं पातेलं? आणि कार्ड असलं तरी त्यावर सिमकार्ड मिळेल, खोली भाड्याने मिळेल, बँकेत खातं उघडेल याची हमी नाही. ते सगळं समोर बसलेल्या माणसाच्या त्या दिवशीच्या मूडवर.

आता रांगेतली बाकीची मतं घेऊ.

"आधी घरच्यांचं बघा. विदर्भात शेतकरी मरतोय आणि तुम्हाला रोहिंग्यांचा पुळका!" घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, असा हा एकूण सूर. पहिली गोष्ट, एखाद्या रोहिंग्या कुटुंबाला ब्लँकेट मिळालं म्हणून विदर्भातल्या कुठल्या शेतकऱ्याची कर्जमाफी अडली, ते एकदा सांगा. त्याचं नाव-गाव सांगा, मी माझा लेख मागे घेतो. दुसरी गोष्ट, घरच्यांचं बघायला सांगणारे घरच्यांसाठी नेमके कुठे होते? कोयना धरण होऊन साठ वर्षं उलटली. धरणाने उठवलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी जण अजून पुनर्वसनाच्या जमिनीसाठी कलेक्टर कचेरीसमोर ठिय्या देऊन बसतात. त्यांच्या मांडवात हे 'घरचेवाले' कधी दिसले?

कोयनेचं नाव काढलंच आहे तर त्यातला धडाही घ्या. धरणग्रस्तांना मदत मिळत नव्हती असं नाही. ट्रकमध्ये बसवून नेलं, पत्र्याच्या शेडमध्ये उतरवलं, चार पैसे हातावर ठेवले. त्यांना हवा होता सातबारा. बाबा आढावांसारख्या माणसांनी धरणग्रस्तांच्या परिषदा भरवल्या, मोर्चे काढले, सरकारला जाब विचारला, आणि त्या रेट्यातून महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्याची अंमलबजावणी रडतखडत झाली हे खरं, पण भांडायला पायाखाली काहीतरी आलं. आपल्या माणसांच्या बाबतीत दया पुरत नाही, हक्क लागतो, हे ज्या महाराष्ट्राला पन्नास वर्षांपूर्वी कळलं, त्याला परक्याच्या बाबतीत एकदम दया पुरेशी वाटू लागते, हे कसं?

की परकेपणातही प्रतवारी आहे? कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा आपल्याला केवढा अभिमान! दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथल्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात टाकलं होतं, तिथून इराण, कराची करत ही माणसं पंचगंगेच्या काठच्या मुलखात आली. शाळा होत्या, चर्च होतं, इस्पितळ होतं, नाटकं बसत. कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. त्या दिवशी कोल्हापूरकरांची छाती फुगली, आणि फुगावीच.

पण या अभिमानाच्या कथेतून आपण एक प्रकरण गुपचूप गाळतो. पोलिश लोकांना नुसता आसरा मिळालेला नव्हता, त्यांना वकील होता. लंडनमध्ये त्यांचं निर्वासित सरकार बसलेलं होतं, आणि छावणीचा खर्च त्याच्या खात्यावर पडत होता. मुंबईत महावाणिज्यदूत युजीन बनासिन्स्की आणि रेडक्रॉसचं काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का होत्या. १९४२ मध्ये अनाथ पोलिश मुलांची पहिली तुकडी आणण्यासाठी या बाईंनी ब्रिटिश अधिकाऱ्यांमागे लकडा लावला, लॉऱ्या जमवल्या. मुलं आली, आधी वांद्र्यात राहिली, मग जामनगरजवळ बालाचडीला गेली. तिथले महाराजा जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी जागा दिली, मन मोठं केलं. पण त्यांच्यापर्यंत विषय नेणारं, पत्रं लिहिणारं, परवाने मिळवणारं कुणीतरी होतं. आजच्या भाषेत याला अॅडव्होकसी म्हणतात, आणि आज ती करणाऱ्या बाईला आपण विचारू, "बाई, तुम्हाला पैसा कुठून येतो?" गोऱ्या कातडीच्या, एका राजाच्या पाहुण्या असलेल्या मुलांना पाहून आपला ऊर भरून येतो. त्याच वयाचं सावळं पोर कालिंदी कुंजला राखेत भांडी शोधत असलं की आपल्याला राष्ट्रीय सुरक्षा आठवते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे ऐकलं होतं. इथे तर बाब्याही पोलंडचा!

वळिवड्याचं पुढे काय झालं हेही विसरू नये. पोलिश गेले आणि त्याच छावणीत फाळणीने उखडलेले सिंधी येऊन राहिले. ते आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला ज्या घाऊक कापड बाजारात अर्धा दक्षिण महाराष्ट्र जातो, ते. तिकडे कल्याणच्या लष्करी छावणीत जवळजवळ एक लाख सिंधी उतरले, १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. या लोकांच्या कष्टाचं कौतुक करताना आपण म्हणतो, "बघा, सिंधी माणसाने कधी हात पसरला नाही." खरं आहे. पण त्याच्यामागे घटनेचं सहावं कलम होतं, ज्याने त्याला नागरिक मानलं, आणि १९५४ चा विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा कायदा होता, ज्यावर त्याने आपला क्लेम लावला. दुकान टाकायला परवाना मागताना "तू कोण?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं. हेच उत्तर काढून घ्या, आणि मग त्याच सिंध्याचा उद्योगीपणा किती दिवस टिकला असता ते सांगा.

आता "फुकट खातात" आणि "कामं पळवतात". ही दोन वाक्यं एकाच तोंडातून, कधी कधी एकाच श्वासात बाहेर पडतात. जो दिवसभर आपलं काम पळवतो तो फुकट कधी खातो? रात्रपाळीला? बांगलादेशात कॉक्स बाझारच्या छावण्यांत दहा लाखांहून जास्त रोहिंग्या आहेत. तिथे त्यांना रीतसर नोकरी करायला बंदी आहे. २०२३ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाकडचा पैसा आटला आणि माणशी महिना १२ डॉलरचं अन्नाचं कूपन आधी १० वर, मग ८ डॉलरवर आलं. म्हणजे दिवसाला बावीस रुपयांच्या आसपास. एका वडापावात दिवस काढा, काम करायला मनाई, आणि वर "फुकटे" ही पदवी! युगांडा आपल्याहून कितीतरी गरीब. तिथे सतरा लाखांहून जास्त निर्वासित आहेत. तिथला २००६ चा कायदा त्यांना काम करू देतो, फिरू देतो, वसाहतीत राहणाऱ्याला कसायला जमिनीचा तुकडा मिळतो. तिथेही पैशाची तंगी आहे, तुकडे लहान होत चाललेत. पण माणूस निदान स्वतःचा मका पेरतो. फुकटेपणाचा खरोखरच तिटकारा असेल तर निर्वासितांना कामाचा परवाना द्या, अशी मागणी सगळ्यांत आधी या तक्रारखोरांनी करायला हवी. करतात का?

"ओझं तरी किती वाहायचं?" या हिशेबात फार वेळ घालवायला नको. २०२४ अखेर जगात ४ कोटी २७ लाख निर्वासित होते, त्यांतले ७३ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. भारतात रोहिंग्या किती, तर २०१७ मध्ये सरकारनेच सांगितलेला अंदाज चाळीस हजारांचा. एकशे चाळीस कोटींत चाळीस हजार, म्हणजे लाखामागे तीन. आता मिझोरम बघा. अकरा लाख वस्तीचं राज्य. त्याने म्यानमारमधल्या तीस हजारांहून जास्त चिन जमातीच्या लोकांना सामावून घेतलं. त्याच प्रमाणात महाराष्ट्राने माणसं घ्यायची ठरवली तर आकडा तीस लाखांच्या घरात जातो. आणि आम्ही लाखात तिघांनी वाकून गेलो!

मिझोरमनेच त्या "एकाला घेतलं की शंभर येतात"चाही निकाल लावलाय. २०२३ च्या नोव्हेंबरात सीमेपलीकडे हवाई हल्ले झाले आणि एक-दोन दिवसांत सुमारे पाच हजार माणसं सीमेवरची तिआउ नदी ओलांडून झोखावथार गावात आली. झोखावथारची ब्लँकेटं मऊ असतात अशी आवई उठली होती म्हणून आली का? बॉम्ब पडला म्हणून आली. लढाई थंडावली की त्यांतली पुष्कळशी परतही गेली. गावाने, चर्चने, यंग मिझो असोसिएशनने त्यांना जेवू घातलं. आणि गंमत म्हणजे तिथे ब्लँकेट आणि वकिली असा भेद कुणी केला नाही. केंद्राने १० मार्च २०२१ ला या लोकांना येऊ देऊ नका असं कळवलं, तेव्हा मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी आठवड्याभराने थेट पंतप्रधानांना पत्र लिहून सांगितलं, की ही आमच्या रक्ताची माणसं आहेत, आम्ही डोळेझाक करू शकत नाही. एका हाताने भात वाढला, दुसऱ्या हाताने पत्र लिहिलं.

राहिला "घुसखोर" हा आरोप आणि त्याच्या पाठीमागची सुरक्षेची चिंता. चोरून आले, व्हिसा नाही, पासपोर्ट नाही. अहो, ज्याच्या सरकारनेच त्याच्यावर बंदूक रोखली आहे, त्याने त्याच सरकारच्या पासपोर्ट कचेरीत रांग लावून, पोलीस पडताळणी करून घेऊन, मग पळायचं का? १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ही अडचण ओळखून ३१वं कलम घातलेलं आहे: धोक्यातून थेट आलेल्या आणि लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या माणसाला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा होता, त्याच्या जागी २०२५ मध्ये नवा आला. विनापासपोर्ट प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छळातून पळालेला माणूस आणि सोन्याची तस्करी करायला आलेला माणूस यांच्यात फरक कसा करायचा, याची पद्धत त्यातही नाही. कुणाला सूट द्यायची ते सरकार वेळोवेळी आदेश काढून ठरवणार.

आलेल्या प्रत्येकाची चौकशी करण्याचा अधिकार राज्याला आहे, त्याबद्दल वाद नाही. माझी तक्रार उलट आहे, की चौकशीच होत नाही. कायदा नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून माणूस लपून राहतो, दलालाकडून खोटं आधार कार्ड घेतो, आणि मग आपण ओरडतो, बघा, खोटी कार्डं! बोटांचे ठसे, बुबुळांचे ठसे, मुलाखत, निर्णय, त्यावर अपील, असा रस्ता असेल तर पोलिसांना माणूस माहीत असतो. सुरक्षेची ज्याला सगळ्यांत जास्त काळजी आहे त्यानेच निर्वासितांच्या कायद्याचा सगळ्यांत मोठा आग्रह धरायला हवा. त्याऐवजी साप साप म्हणून भुई धोपटणं सोयीचं जातं. त्यात सापही सापडत नाही, भुईही उखडते.

आणि हो, हे सगळं 'त्यांच्या' लाडासाठी चाललंय असा ज्यांना संशय आहे, त्यांनी एकदा नागपूरच्या जरीपटक्यात जाऊन यावं. पाकिस्तानातून जीव मुठीत धरून आलेली हिंदू सिंधी कुटुंबं तिथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षं दिवस मोजतात. मुदत संपत आली की पुन्हा फॉर्म, पुन्हा पोलीस, पुन्हा हमीदार. पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांना विचारा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं आणि आधी दिलेले सगळे व्हिसे भारताने एका फटक्यात रद्द केले. घरी गेलेली मुलं तिकडेच अडकली, त्यांच्या जागा इथल्या कॉलेजांत रिकाम्या. तमिळनाडूत मंडपमच्या छावणीपासून सुरू झालेली श्रीलंकन तमिळांची कहाणी १९८३ पासूनची आहे, छावणीत जन्मलेल्यांना आता मुलं झाली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात त्यांचा समावेश नाही. धर्म बघून, देश बघून, तारीख बघून काढलेला आदेश कुणाला आत घेतो, कुणाला दारात उभं ठेवतो. कायदा असेल तर प्रश्न एकच विचारला जाईल: परत पाठवलं तर याच्या जिवाला धोका आहे का?

कोर्टात जाऊन काय मिळतं, असाही कुत्सित प्रश्न येतो. दरवर्षी हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी लोकांचे स्वेटरचे बाजार लागतात. "दोनशे कमी करा की" म्हणत आपण घासाघीस करतो, ती बाई हसून पन्नास कमी करते. तिच्यासारख्यांची एक वसाहत गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून आहे. इथेच जन्मलेल्या, इथेच शिकलेल्या तिबेट्यालाही परकीय म्हणून नोंदणी प्रमाणपत्र बाळगावं लागे आणि त्याचं नूतनीकरण करत राहावं लागे. १९५० ते १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच भारतीय नागरिक आहेत, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. तरी पासपोर्ट कचेरी ऐकेना, म्हणून लोक पुन्हा कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये पासपोर्ट द्या असा स्पष्ट आदेश घेऊन आले. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांना 'गाव सोडा' अशी मुदत दिली गेली होती. मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी १९९६ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला बजावलं, की यांच्या जिवाचं रक्षण करणं तुमचं काम आहे. हजारो माणसं आपल्या घरांत राहिली ती त्या निकालामुळे. प्रत्येक वेळी यश येतं असं नाही. २०२१ मध्ये रोहिंग्यांची पाठवणी रोखायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पण हरण्याची शक्यता असते म्हणून दावाच लावू नये, हा सल्ला आपण आपल्या भावकीच्या बांधाच्या वादात कधी मानलाय?

आणि हे सगळं आपल्याला परकं आहे असं कुणी सांगू नये. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून एक कोटी माणसं आली, तेव्हा १५ नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. ते १९७३ च्या मार्चपर्यंत चाललं. आपल्या आजोबांनी ते लावून मुंबईहून गावाकडे मनीऑर्डरीची खबर कळवली. कुणी देश बुडाला म्हणून ऊर बडवला नाही. आणि त्याच वेळी भारत सरकार जगभर वकिली करत फिरत होतं. इंदिरा गांधी राजधान्या-राजधान्यांत जाऊन सांगत होत्या, की या माणसांना नुसतं जेवायला घालून भागणार नाही, त्यांना सुखरूप परत जाता येईल असं काहीतरी करा. एक कोटी माणसं परत गेली ती पाच पैशांच्या तिकिटाने नव्हे.

तेव्हा माणुसकी इकडे आणि कायदा तिकडे ही वाटणी मला मान्य नाही. कायद्याविना दिलेली मदत ही देणाऱ्याच्या मर्जीवर चालते; घेणाऱ्याला फक्त आभार मानायचा अधिकार उरतो, आणि मर्जी फिरली की तोही नाही. निवृत्त सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये दक्षिण आशियासाठी निर्वासित कायद्याचा नमुना मसुदा तयार झाला होता. २०१५ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत आश्रयाचं खासगी विधेयक मांडलं. कायदा झाला नाही. मसुदे तयार आहेत, माणसं दारात आहेत, अडलंय ते कुणीतरी मागण्यावर. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. वळिवड्याच्या स्मृतींना उजाळा द्यायला, पोलिश पाहुण्यांबरोबर फोटो काढायला त्यांच्यापैकी कुणीही आनंदाने येईल. त्यांना तिथेच, माइक हातात असताना, सगळ्यांदेखत विचारायला हवं: निर्वासितांचा कायदा सभागृहात आला तर तुम्ही त्याच्या बाजूने मत देणार का? हो की नाही, तेवढं सांगा. कोल्हापूरच्या औदार्यावरचं भाषण आम्हाला पाठ आहे.